स्त्रियांच्या आवासाची भूमी कोणाची?

संसार सोडलेल्या किंवा संसारात न पडलेल्या स्त्रियांनी एकत्र राहावे आणि आपल्या जीवनाचे नियम आपणच पाळावेत, ही कल्पना आधुनिक स्त्रीमुक्ती चळवळीतून निघाली असा एक समज आहे. पाली साहित्याच्या वाचकाला तो मान्य होणे कठीण. महाप्रजापती गोतमीच्या मागोमाग ज्या स्त्रिया घराबाहेर पडल्या, त्यांच्यासाठी स्वतंत्र आवास होते, स्वतंत्र पातिमोक्ख होते आणि त्यांच्या संघाची स्वतंत्र कर्मे होती. तथापि केवळ प्राचीनतेचा दाखला देऊन थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. अशा सहजीवनाच्या आदर्शांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ते ज्या जमिनीवर उभे राहते, तिच्याविषयी फार थोडे. ती जमीन कोणाच्या नावावर असते? देणारा मेल्यावर ती कोणाची होते? राहणाऱ्या स्त्रिया बदलल्या म्हणजे तिचे काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार दोन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. एक अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील स्त्रियांच्या वसाहतींचे आणि दुसरे विनयपिटकातील भिक्खुनी-उपस्सयांचे. दोहोंमध्ये कालाचे आणि ध्येयाचे मोठे अंतर आहे. ओरेगॉनच्या स्त्रिया निब्बाणाच्या शोधात नव्हत्या आणि थेरी स्त्रीवादी नव्हत्या, हे आरंभीच सांगून ठेवतो.

ओरेगॉन हे राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस आहे. त्याच्या दक्षिण भागात डोंगर, दाट जंगले आणि लहान लहान गावे आहेत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शहरी जीवनाला कंटाळलेले अनेक तरुण तेथे स्वस्त जमिनी घेऊन सामुदायिक वसाहती करू लागले. या वसाहती समतेच्या घोषणा करीत. परंतु स्वयंपाक, धुणे आणि मुलांचे संगोपन ही कामे स्त्रियांकडेच राहिली व निर्णय पुरुषांचे राहिले, असा पुष्कळ स्त्रियांचा अनुभव होता. त्यांतील काही तेथून बाहेर पडल्या आणि केवळ स्त्रियांच्या वसाहती वसवू लागल्या. शहरांतील स्त्रीमुक्ती चळवळीतून आलेल्या स्त्रिया त्यांना मिळाल्या. त्यांपैकी बहुसंख्य समलिंगी होत्या. त्या काळच्या अमेरिकन समाजात उघडपणे जगणे त्यांना दुष्कर होते. म्हणून रानातील एकांत हा त्यांच्या दृष्टीने छंद नव्हता, तो आश्रय होता. या जमिनींना त्या ‘स्त्रियांची भूमी’ असेच म्हणत.

१९७४ साली ग्रँट्स पास या गावाजवळ ‘वुमनशेअर’ ही २३ एकरांची वसाहत सुरू झाली. तेथील स्त्रियांनी आपला अनुभव १९७६ साली ‘कंट्री लेस्बियन्स’ या पुस्तकात मांडला. त्याच परिसरातून रूथ व जीन माउंटनग्रोव्ह या दोघींनी १९७४ ते १९८४ या दहा वर्षांत ‘वुमनस्पिरिट’ या त्रैमासिकाचे चाळीस अंक काढले. या दोघींचे आडनाव त्या पूर्वी ज्या सामुदायिक वसाहतीत राहत होत्या, तिच्या नावावरून घेतलेले आहे. पित्याचे वा पतीचे नाव टाकून नवे नाव घेणे ही त्या चळवळीतील सर्रास चाल होती. महानद्या समुद्रास मिळाल्यावर आपले पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात, त्याप्रमाणे चारी वर्णांचे लोक संघात आल्यावर नाव-गोत्र टाकतात, हा चुल्लवग्गातील दृष्टान्त येथे वाचकांना आठवेल.

या स्त्रियांनी जी कामे केली ती केवळ पुरुषांची समजली जात असत. झाडे तोडणे, लाकडी घरे बांधणे, झऱ्याचे पाणी नळाने आणणे, मोटारी दुरुस्त करणे हे सारे त्या एकमेकींपासून शिकल्या. याविषयी त्या चळवळीच्या लिखाणात फार उत्साहाने लिहिलेले आढळते. पैशाविषयीचे लिखाण मात्र अवघडलेले आहे आणि आमच्या मते तेच अधिक वाचनीय आहे.

जमीन विकत घेण्यास पैसा लागतो. अमेरिकेत १९७४ साली समान पतपुरवठ्याचा कायदा होईपर्यंत पतीची किंवा एखाद्या पुरुषाची सही असल्याशिवाय स्त्रीला कर्ज नाकारणे ही पेढ्यांची सर्वसाधारण रीत होती. साहजिकच पहिल्या जमिनी घेतल्या त्या वारशाने किंवा बचतीने थोडा पैसा हाती असलेल्या स्त्रियांनी. बाकीच्यांजवळ श्रम होते. दोघी-तिघींच्या नावे खरेदीखत व्हायचे आणि घरे उभारायला दहाजणी राबायच्या. सलोखा होता तोवर खरेदीखत कोणी काढून पाहिले नाही. पुढे मने दुभंगली, कोणी प्रियेपासून विभक्त झाली, कोणी आजारी पडली, की ते पेटीतून बाहेर येई. जिच्या नावावर जमीन ती राही अथवा विकून जाई. जिने भिंती उभ्या केल्या तिला कायद्याने काहीच मागता येत नसे. श्रीमंत-गरीब हा भेद पुरुषांबरोबर मागे राहिला, अशी या स्त्रियांची प्रथम समजूत होती. तो त्यांच्या बरोबरच रानात आला होता.

यावर उपाय म्हणून १९७५ साली ‘ओरेगॉन विमेन्स लँड ट्रस्ट’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जमीन कोणाही एकीच्या मालकीची नसावी, ती विकली जाऊ नये, आणि जिच्याजवळ पैसा नाही अशा स्त्रीलाही तेथे राहता यावे, हा तिचा हेतू होता. १९७६ साली या ट्रस्टने डग्लस जिल्ह्यात १४७ एकर, म्हणजे सुमारे ६० हेक्टर, जंगल व कुरण विकत घेतले. ही वसाहत ‘आउल फार्म’ म्हणून ओळखली जाते. ‘आउल’ म्हणजे घुबड. ट्रस्टच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून तो शब्द होतो.

येथे पाली अभ्यासकाचे लक्ष वेधले जाते. एकीची नव्हे, आज राहणाऱ्या पाचजणींचीही नव्हे, तर आलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्वांची भूमी, ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. विनयात आणि लेण्यांतील दानलेखांत तिला ‘चातुद्दिस संघ’ असे नाव आहे. चारी दिशांचा, आलेला व न आलेला, असा जो संघ त्यास विहार दिला म्हणजे तो त्या घटकेस तेथे बसलेल्या भिक्खूंचा होत नाही. याच तत्त्वास अनुसरून चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात पाच प्रकारच्या वस्तू अविस्सज्जिय ठरविल्या आहेत. त्यांत आराम व आरामाची जागा आणि विहार व विहाराची जागा यांचा प्रथम उल्लेख येतो. त्या संघाने, गणाने किंवा व्यक्तीने देऊन टाकू नयेत. दिल्या तरी त्या दिल्या असे होत नाही. अमेरिकेतील ना-नफा संस्थांच्या कायद्याचा आशयही बराचसा असाच आहे. संस्थेची मालमत्ता सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही.

परंतु विनयाने केवळ मालकी सांगून विषय सोडलेला नाही. येणारा तो आगन्तुक आणि राहणारा तो आवासिक, असे भेद करून प्रत्येकाची वत्ते घालून दिली आहेत. आगन्तुकाने कसे यावे, कोठे बसावे, कोणते सेनासन मागावे, आवासिकाने त्याचे काय करावे, याचा बारीक तपशील आहे. तो वाचताना कित्येकांस कंटाळा येतो. आउल फार्मचा इतिहास पाहिला म्हणजे त्या तपशिलाची किंमत कळते. तेथे द्वार सर्व स्त्रियांना उघडे होते आणि आगन्तुक-आवासिक अशी वत्ते नव्हती. महिनाभरासाठी आलेली, कायमची राहू पाहणारी, केवळ आसरा शोधणारी, सर्वांचा अधिकार सारखा. मग गळणारे छप्पर दुरुस्त करण्याचा भार कोणावर? निर्णय सर्वांच्या एकमताने घ्यावयाचे, म्हणून सभा लांबत. संघकर्मातही मौन म्हणजे संमती धरली जाते, पण एकमत होईना तर सलाका वाटून बहुमत घेण्याची सोय विनयात आहे. तिला येभुय्यसिका म्हणतात. आउल फार्मवरील वस्ती पुढे कधी वाढली, कधी अगदी रोडावली. जमिनीवर चढलेले कर्ज फेडण्यासाठी दूरदूरच्या स्त्रियांकडून लहान लहान देणग्या गोळा केल्या गेल्या. तथापि जमीन टिकली. आजूबाजूच्या खाजगी मालकीच्या कित्येक स्त्रीभूमी विकल्या गेल्या. ट्रस्टची जमीन ट्रस्टकडेच राहिली.

आता विनयाकडे वळू. भिक्खुनींच्या निवासाची हकिगत चुल्लवग्गाच्या दहाव्या खन्धकात आहे आणि तीत एक क्रम आहे. प्रथम भिक्खुनी अरण्यात राहत. तेथे दुष्टांनी त्यांच्यावर बलात्कार केले. तेव्हा भिक्खुनीने अरण्यात राहू नये असा नियम झाला. या नियमाचा उल्लेख करून स्त्रियांना एकांतसाधनेचा अधिकार नाकारला गेला असे काही टीकाकार म्हणतात. नियमाने वाट अरुंद झाली हे खरेच आहे. ज्यांनी अपराध केला त्यांना तो लागू होत नव्हता, ज्यांच्यावर झाला त्यांना लागू झाला, हेही नाकारता येत नाही. परंतु कथा तेथे संपत नाही. अरण्य बंद झाल्यावर राहावयाचे कोठे, हा पुढचा प्रश्न. एका उपासकाने भिक्खुनी संघास आपले उद्दोसित, म्हणजे सामान साठविण्याचे कोठार, दिले. त्यास अनुज्ञा मिळाली. ते पुरेना, तेव्हा उपस्सयास अनुज्ञा मिळाली. तोही पुरेना, तेव्हा नवकम्मास, म्हणजे नव्या बांधकामास. तेही पुरेना, तेव्हा व्यक्तिगत निवास करण्यासही अनुज्ञा दिली गेली. स्त्रियांची संख्या जागेपेक्षा सतत पुढे धावत होती, एवढे या चार पायऱ्यांवरून निश्चित दिसते. मिगाराचा नातू साळ्ह याने भिक्खुनी संघासाठी विहार बांधावयास घेतला, तेव्हा बांधकामावर देखरेख करणारी नवकम्मिका म्हणून सुन्दरीनन्दा या भिक्खुनीची नेमणूक झाली, असे भिक्खुनी-विभंगात आले आहे. त्या कथेचा पुढील भाग तिच्या स्खलनाचा असल्यामुळे तिचे हे काम कोणी ध्यानात घेत नाही.

याच विभंगातील एक कथा आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येते. सावत्थीत एका उपासकाने भिक्खुनी संघास उद्दोसित दिले व तो मरण पावला. त्याचे दोन पुत्र होते, एक श्रद्धावान आणि दुसरा श्रद्धाहीन. पित्याची मालमत्ता वाटताना श्रद्धाहीन पुत्राने ते कोठारही वाटणीत धरले. पित्याने ते भिक्खुनींना दिले आहे, असे दुसऱ्याने सांगून पाहिले. पण वाटणी झाली आणि कोठार श्रद्धाहीनाच्या वाट्यास गेले. त्याने भिक्खुनींना निघून जाण्यास सांगितले. थुल्लनन्दा भिक्खुनीने नकार दिला. वाद राजाच्या महामात्रांपुढे गेला. दान दिल्याचे कोण जाणतो, असे महामात्रांनी विचारले. त्यावर थुल्लनन्देने उलट प्रश्न केला, की दान देताना कोणी साक्षीदार उभे केल्याचे आपण कधी पाहिले वा ऐकले आहे काय? महामात्रांना ते पटले आणि कोठार भिक्खुनी संघाचे ठरले.

हरलेला पुत्र भिक्खुनींना शिव्याशाप देऊ लागला. थुल्लनन्देने ते महामात्रांना कळविले आणि त्याला दंड झाला. मग त्याने उपस्सयाजवळ आजीवकांसाठी निवास बांधला आणि भिक्खुनींना ओरडून छळावे असे त्यांना सांगितले. पुन्हा तक्रार झाली व तो कैदेत पडला. प्रथम कोठार घेतले, मग दंड करविला, मग बेडी घातली, उद्या जीवही घेवतील, असे लोक बोलू लागले. त्यावरून भिक्खुनीने कज्जेदलाली करीत फिरू नये असा संघादिसेसाचा नियम झाला.

थुल्लनन्दा ही विनयाच्या संग्राहकांची नावडती व्यक्ती आहे. नियमाचे निमित्त हवे झाले की बहुधा तिचेच नाव पुढे येते. परंतु या प्रसंगी तिचा पहिला दावा न्याय्य होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. दान खरे होते आणि महामात्रांनी ते मान्य केले होते. नियमास कारण झाला तो नंतरचा सूड. कथा काळजीपूर्वक वाचली तर एक गोष्ट उघडी पडते. दानाचा लेख नव्हता, साक्षी नव्हते, होता तो फक्त देणाऱ्याचा शब्द. आणि देणारा गेल्यावर त्या शब्दाची राखण एकट्या भिक्खुनींना राजदरबारात जाऊन करावी लागली. ओरेगॉनमध्ये खरेदीखतावर नाव नसलेल्या स्त्रीची जी स्थिती झाली, तीच सावत्थीत होऊ घातली होती.

एक भेद येथे सांगितला पाहिजे. ओरेगॉनच्या स्त्रियांचे भूमीशी नाते हाताच्या श्रमाचे होते. त्या खणीत, पेरीत, लाकूड फोडीत. भिक्खुनींना जमीन खणणे व वनस्पती तोडणे पाचित्तिय आहे, कच्चे धान्य मागून घेऊन शिजविणेही पाचित्तिय आहे. त्यामुळे त्यांचा आवास भिक्षेच्या अंतरावर, म्हणजे वस्तीजवळच असावयास हवा. अरण्यनिषेधाशीही हे जुळते. जुन्नर येथील लेण्यांतील एका शिलालेखात धम्मुत्तरीय निकायाच्या भिक्खुनी-उपस्सयाचा निर्देश आहे आणि तो उपस्सय नगरात असल्याचे त्यात म्हटले आहे. भिक्खू डोंगरातील लेण्यांत आणि भिक्खुनी खाली नगरात, असे चित्र त्या एका शब्दावरून डोळ्यांसमोर उभे राहते. ओरेगॉनच्या स्त्रियांनी समाजापासून दूर जाऊन स्वातंत्र्य शोधले. भिक्खुनींचे स्वातंत्र्य गावाने रोज भिक्षा घालण्यावर अवलंबून होते. दोन्ही मार्गांत परावलंबन आहे, फक्त एकात ते सावकाराचे किंवा पेढीचे असते आणि दुसऱ्यात दायकाचे.

आउल फार्मची अलीकडची हकिगत या संदर्भात लक्षणीय आहे. मालिन या गावापासून कूस बे बंदरापर्यंत २२९ मैल लांबीची नैसर्गिक वायूची नळवाहिनी टाकण्याची एक योजना निघाली होती. तिचा प्रस्तावित मार्ग ट्रस्टच्या जमिनीतून जात होता. अशा प्रकल्पासाठी खाजगी जमीन सक्तीने संपादित करण्याचा अधिकार अमेरिकन कायदा कंपनीला देऊ शकतो. इतर जमीनधारकांबरोबर ट्रस्टनेही योजनेला दीर्घकाळ विरोध केला. २०२० साली केंद्रीय आयोगाने योजनेस संमती दिली होती; परंतु राज्याचे परवाने मिळेनात, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ती सोडून दिली. त्या जमिनीवर राहणाऱ्या स्त्रिया त्या वेळी मूठभर होत्या. विरोध करू शकली ती संस्था, कारण मालकी तिची होती. एखाद्या वृद्ध स्त्रीच्या एकटीच्या नावावर ती जमीन असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वृद्धत्वाचा प्रश्न तेथे आता सर्वत्र आहे. पन्नास वर्षांपूर्वी तरुण असलेल्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नव्या पिढीतील फार थोड्या येतात. ज्या येतात त्यांना पूर्वीच्या सीमारेषा पटत नाहीत. जन्माने पुरुष गणल्या गेलेल्या परंतु स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींना प्रवेश असावा की नाही, यावर तीव्र वाद झाले आहेत आणि निरनिराळ्या भूमींनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. मुलगे किती वयापर्यंत राहू शकतील हाही एके काळी असाच कडवट वाद होता.

आपल्याकडे हा विषय केवळ परदेशचा राहिलेला नाही. भिक्खुनी व श्रामणेरी होणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रातही दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्या निवासासाठी जमीन देऊ इच्छिणाऱ्या उपासिका आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळ धम्मसारा हा भिक्खुनींचा अरण्यविहार आहे. तेथे जमिनीचा व्यवहार उपासक-उपासिकांच्या संस्थेने सांभाळला आहे, त्यामुळे भिक्खुनींना थुल्लनन्देप्रमाणे दरबारात जावे लागत नाही. मात्र अशा व्यवस्थेत संस्थेच्या कार्यकारिणीचे मत बदलले तर भिक्खुनींचे काय, हा प्रश्न उरतोच.

दान देऊ इच्छिणाऱ्या उपासिकांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. शेतजमीन बिगर-शेतकऱ्याच्या नावे करण्यास पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचे कलम ६३ आड येते. विश्वस्त संस्थेच्या नावे करावयाची तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी पाहावी लागते. तोंडी दान देऊन सातबारावर आपलेच नाव राहू दिले, तर आपल्यामागे मुलांची वारसनोंद होते आणि सावत्थीची कथा पहिल्यापासून सुरू होते. उलट, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या नावे झालेली जमीन १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. अविस्सज्जिय म्हणता येईल असे हे आजचे कुंपण आहे. विश्वस्त मंडळात भिक्खुनी किंवा उपासिका किती असाव्यात हे घटनापत्रात प्रारंभीच लिहावे लागते. नंतर ते घालणे कठीण जाते.

दानपत्रातील शब्दांविषयीही सावध असावे. नुसते ‘संघास’ असे लिहू नये. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. मरणासन्न भिक्खुनीने आपल्या वस्तू संघाच्या व्हाव्यात असे म्हटले आणि ती वारली. भिक्खू म्हणाले, आमच्या. भिक्खुनी म्हणाल्या, आमच्या. तेव्हा भगवंतांनी निर्णय दिला, की भिक्खुनी, सिक्खमाना किंवा सामणेरी असे म्हणून वारली तर भिक्खुसंघ त्याचा स्वामी नव्हे, ते भिक्खुनी संघाचेच. हा निर्णय देणारीच्या स्थितीवर अवलंबून आहे. देणारी उपासिका असेल तर तो तिला लागू पडत नाही. तिने भिक्खुनी संघाचे नाव स्पष्ट घातले पाहिजे, आणि आवास कोणत्या गावात, कोणत्या गटक्रमांकात आहे तेही. जुन्नरच्या शिलालेखातही नगर, निकाय आणि भिक्खुनी-उपस्सय या तिन्हींचा निर्देश वेगवेगळा केलेला आहे.